कळव्यातील वन बीएचके आणि नव्या एजंटची पहिली गुंतवणूक : एक प्रकरण अभ्यास

जुलै २०२४ मधल्या एका शनिवारी दुपारी एक तरुण इस्टेट एजंट माझ्याकडे आला आणि त्याने टेबलावर हिशेबाचा एक कागद ठेवला. कळव्यात पारसिक नगरच्या बाजूला १९९४ साली बांधलेल्या एका इमारतीतील ३८५ चौरस फूट चटई क्षेत्राच्या वन बीएचके सदनिकेचा तो हिशेब होता. किंमत ५२ लाख रुपये, भाडे दरमहा १६,५००, म्हणजे वर्षाला १ लाख ९८ हजार, आणि त्याखाली दोनदा अधोरेखित केलेला आकडा, ३.८ टक्के. सदनिका त्याला स्वतःसाठी घेऊन भाड्याने द्यायची होती. ठाण्यात लिव्ह अँड लायसन्सचे (घर ठरावीक मुदतीसाठी भाड्याने देण्याचे) करार आणि जुन्या सदनिकांची कागदपत्रे पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करतो, म्हणून टोकन देण्यापूर्वी एकदा कागद दाखवावेत एवढ्याच हेतूने तो आला होता. या प्रकरणातील कोणाचेही नाव आणि इमारतीचा पत्ता मी येथे मुद्दाम दिलेला नाही.

या व्यवसायात त्याला चौदा महिने झाले होते. त्याआधी तो वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या विक्री विभागात नोकरीला होता. २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता परीक्षा सक्तीची केल्यावर त्याने वीस तासांचे प्रशिक्षण घेतले, परीक्षा दिली, वैयक्तिक नोंदणीचे दहा हजार रुपये भरले आणि पाच वर्षांचे प्रमाणपत्र मिळवले. ही नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांमधील विक्रीच्या व्यवहारांसाठी लागते. भाड्याचे व्यवहार तिच्या कक्षेबाहेर आहेत, आणि त्याचे पोट मात्र भाड्याच्या व्यवहारांवरच चालले होते. चौदा महिन्यांत ३१ लिव्ह अँड लायसन्सचे करार आणि तीन रिसेलचे व्यवहार एवढे काम त्याने केले होते. नव्या माणसासाठी हे काम चांगलेच म्हणायला हवे.

गुंतवणूकदार म्हणून त्याच्यापाशी एक खरे बळ होते. कळवा, खारेगाव, विटावा या पट्ट्यात कोणती सदनिका किती दिवसांत लागते हे त्याला जाहिरातीवरून नव्हे, पायाने माहीत होते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे भाडे पहिल्या मजल्यापेक्षा हजार-दीड हजाराने खाली येते, पाण्याची वेळ विचारल्याशिवाय कुटुंबवाली पार्टी होकार देत नाही, मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या तोंडावर रिकामी सदनिका आठवड्यात जाते आणि पितृपक्षात कोणी टोकन देत नाही, हे सगळे त्याने अनुभवातून शिकलेले होते. बाहेरच्या गुंतवणूकदाराला हे ज्ञान मिळवायला वर्षे लागतात. नव्या एजंटने भाड्याच्या घरात पैसा घालावा की नाही, असे मला कोणी विचारले तर मी याच कारणासाठी होकाराच्या बाजूने असतो. अडचण त्याच्या कागदावर जे लिहिलेले नव्हते त्यात होती.

आम्ही तोच कागद उलटा करून मागच्या बाजूला नवा हिशेब मांडला. किंमत ५२ लाख. ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ३ लाख ६४ हजार, आणि तेही करारातील किंमत व रेडी रेकनरची (शासनाने ठरवलेली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर. नोंदणी शुल्क ३० हजार. सोसायटीचा हस्तांतर अधिमूल्याचा आकडा महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि कर्जाचा प्रक्रिया खर्च ४५ हजार. मोरीचे वॉटरप्रूफिंग, जुने वायरिंग, ओटा आणि रंग यांसाठी त्याच्याच ओळखीच्या मिस्त्रीने दिलेला अंदाज २ लाख १० हजार. एकूण ५८ लाख ७४ हजार झाले. ज्या आकड्याने भाड्याला भागायचे तोच आकडा पावणेसात लाखांनी वाढला.

उत्पन्नाच्या बाजूला वर्षातला एक महिना सदनिका रिकामी राहील असे धरले, कारण अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलला की रंगकाम आणि नवी पार्टी यांत तेवढा काळ जातोच. अकरा महिन्यांचे १ लाख ८१ हजार ५००. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २६,४००, मालमत्ता कर ५,८००, किरकोळ दुरुस्तीसाठी १० हजार आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) १,४४० वजा केले. हा शेवटचा आकडा लहान आहे, तरी त्यावर थोडे थांबतो. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. अनेक सोसायट्या संपूर्ण मेंटेनन्सवर, क्वचित मालमत्ता करावरही, टक्केवारी लावतात आणि मालक निमूटपणे भरत राहतात. बिलात सेवा शुल्क वेगळे दाखवलेले असते, तेवढ्याच रकमेचे १० टक्के काढून पाहावेत. असो. हाती उरले वर्षाला १ लाख ३७ हजार ८६०, म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम २.३५ टक्के.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी यांचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज फार तर ४१ लाख ६० हजार आणि खिशातून १७ लाख १४ हजार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता ३६,१०० रुपयांच्या घरात जातो. भाड्यातून महिन्याला सरासरी ११,५०० येणार आणि हप्ता ३६,१००, म्हणजे दरमहा सुमारे २४,६०० रुपये पदरचे घालायचे. नोकरदाराला ही रक्कम जड असली तरी ठरलेली असते. एजंटाची कमाई तशी नसते. बिल्डरकडचे कमिशन बुकिंग झाल्यावर लगेच हातात पडत नाही, ग्राहकाचा करार नोंदला जाऊन ठरावीक रक्कम भरली जाईपर्यंत ते अडकून राहते, आणि मधल्या काळात ग्राहकाने बुकिंग रद्द केले तर सगळेच जाते. त्याच्या चौदा महिन्यांच्या वहीत चार महिने असे होते की ज्यांत घरखर्चाइतकेही पैसे आले नव्हते.

करातून काही सुटेल अशी त्याची समजूत होती. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही वजा होते, इथवर त्याचे बरोबर होते. पण पहिल्या वर्षीचे व्याजच साडेतीन लाखांच्या आसपास असल्याने घराच्या उत्पन्नाच्या शीर्षाखाली सव्वादोन लाखांहून अधिक तोटा दिसणार होता. जुन्या करप्रणालीत त्यातले दोन लाखांपर्यंत इतर उत्पन्नातून वजा करता येतात, तर तो निवडणार असलेल्या नव्या प्रणालीत हा तोटा कमिशनच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्याने मनात धरलेली करबचत त्यामुळे शून्यावर आली.

मग त्याने हळूच दुसरी वाट सुचवली, हेवी डिपॉझिटची. आठ लाख डिपॉझिट घेऊन भाडे नाममात्र ठेवायचे आणि त्या आठ लाखांतून स्वतःच्या हिश्श्याची रक्कम भरायची. ठाण्यात आणि मुंबईत ही पद्धत सर्रास चालते आणि नव्या गुंतवणूकदाराला ती फुकटच्या भांडवलासारखी वाटते. प्रत्यक्षात ते अकरा किंवा बावीस महिन्यांनी एकरकमी परत करायचे कर्ज असते. भाडेकरू जायच्या दिवशी दुसरा हेवी डिपॉझिटवाला उभा नसेल तर एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीशी खेळ होतो. डिपॉझिट परत मिळाले नाही म्हणून सामान बांधून तसेच बसून राहिलेले एक कुटुंब मी पाहिले आहे. या मार्गाला मी स्पष्ट नकार दिला. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतले पैसे वापरण्यालाही माझा तितकाच विरोध होता. त्यांचे ते म्हातारपण आहे, मुलाच्या धंद्याचे भांडवल नव्हे.

एवढे सगळे झाल्यावरही तो व्यवहार सोडायला तयार नव्हता. अडीच टक्केही न सुटणाऱ्या सदनिकेचा इतका आग्रह का, ते मला कळेना. मी कागदांची फाइल मागितली. शेअर सर्टिफिकेट, पहिल्या खरेदीपासूनच्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, सगळे व्यवस्थित होते. कळव्यासारख्या भागात, जिथे अनधिकृत इमारतींची संख्या मोठी आहे, तिथे भोगवटा प्रमाणपत्र असलेली जुनी इमारत सापडणे हीच मोठी गोष्ट आहे. सदनिका कोणाची, असे विचारल्यावर त्याने सांगितले की मालकीणबाई सत्तरीच्या आहेत, यजमान गेल्यापासून पुण्यात लेकीकडे राहतात, आणि सदनिका भाड्याने देण्यासाठी त्यांनी गेल्या वर्षी याच्याकडेच सोपवली होती. भाडेकरू मे महिन्यात गेल्यावर त्यांनी फोनवर सांगितले होते, "आता माझ्याने जा-ये होत नाही. चांगलं गिऱ्हाईक बघ आणि विकून टाक बाबा." ५२ लाख हा भाव त्यांना यानेच सुचवला होता.

मी त्याला मोबाइलवर काढलेले फोटो दाखवायला सांगितले. मोरीच्या भिंतीला आलेली ओल, गंजलेली गॅलरीची जाळी, जिन्याच्या कोपऱ्यात उघडी पडलेली सळई. शेवटचा फोटो सोसायटीच्या कार्यालयातल्या सूचना फलकाचा होता. निळ्या शाईचा शिक्का मारलेल्या टंकलिखित कागदावर विशेष सर्वसाधारण सभेची सूचना होती आणि विषय होता, इमारतीच्या पुनर्विकासाचा व्यवहार्यता अहवाल सभासदांपुढे मांडणे. तो फोटो त्याने तीन आठवड्यांपूर्वी काढलेला होता. मी त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "काकूंना हे माहीत आहे?" तो म्हणाला, "सूचना पोस्टाने त्यांच्या कळव्याच्याच पत्त्यावर गेली असेल, काका." म्हणजे ती बंद दारात पडलेली होती आणि त्या दाराची किल्ली याच्या खिशात होती. पुनर्विकास झाला तर जुन्या सदनिकेची किंमत वाढते, हेच त्याच्या आग्रहाचे कारण होते.

या प्रकरणातला खरा प्रश्न इथे आहे, आणि नवा एजंट गुंतवणुकीत उतरतो तेव्हा तो कधी ना कधी समोर येतोच. कोणती इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, कोणाला पैशांची निकड आहे, कोण भाव न पाहता विकेल, ही माहिती एजंटाला सर्वांच्या आधी मिळते, आणि ती मिळते ती कोणीतरी विश्वासाने आपले काम त्याच्याकडे दिलेले असते म्हणून. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१५ मध्ये याचे उत्तर आहे. एजंट ज्या कामासाठी नेमला आहे त्याच कामात स्वतःच्या वतीने व्यवहार करणार असेल, तर त्याने मालकाला आपल्याला ठाऊक असलेल्या सर्व महत्त्वाच्या गोष्टी सांगून त्याची संमती आधी घेतली पाहिजे. एखादी महत्त्वाची गोष्ट अप्रामाणिकपणे लपवली गेली किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा ठरला, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. त्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण मी त्याला वाचून दाखवले. मालकाने एजंटाला आपली जमीन विकायला सांगितली. जमीन पाहताना एजंटाला तीत खाण असल्याचे कळले. आपण स्वतःच ती जमीन घेऊ इच्छितो हे त्याने मालकाला सांगितले, पण खाणीची गोष्ट लपवली. पुढे हे उघड झाल्यावर ती विक्री मान्य करायची की मोडायची, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने मालकाला दिला आहे.

"ही नोटीस म्हणजे तुझी खाण आहे," एवढेच मी म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याचा हेतू मला दुष्ट वाटला नाही, हे येथे नोंदवायला हवे. आपण घेतोय हे काकूंना सांगायचेच असे त्याने ठरवले होते. पुनर्विकासाचे बोलणे अजून कच्चे आहे, तेव्हा सांगण्यासारखे काही नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. बोलणे कच्चे होते हे खरेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९ (अ) खाली ४ जुलै २०१९ ला काढलेल्या निर्देशांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती, वास्तुविशारद, निविदा, विकासक निवड अशी लांब वाट असते आणि ठाण्यात कित्येक इमारती वर्षानुवर्षे तिथेच रखडलेल्या आहेत. मात्र ते कच्चे बोलणे त्याला २.३५ टक्क्यांची सदनिका घ्यायला पुरेसे वाटत होते, तर काकूंना ती विकावी की ठेवावी हे ठरवायलाही ते तितकेच पुरेसे होते.

त्याने त्याच संध्याकाळी फोन केला आणि पुढच्या रविवारी पुण्याला जाऊन नोटीस, सदनिकेचे फोटो आणि माझ्याकडे मांडलेला संपूर्ण हिशेब काकूंच्या हातात दिला. ५२ लाखांचा भाव आपण पुनर्विकासाचा विचार न करता काढला होता, आपल्याला ही सदनिका स्वतःला घ्यायची होती, आणि आता त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी किमतीची खात्री करून घ्यावी, हे तिन्ही मुद्दे त्याने माझ्या सांगण्यावरून एका कागदावर लिहून नेले होते. त्याने मला सांगितल्याप्रमाणे काकूंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला, जावयाला दिला आणि म्हणाल्या, "बरं झालं तू आलास. मग आपण विकायची घाई का करायची?" जावई मात्र त्याच्याशी दिवसभर नीट बोलला नाही. तीन आठवडे गप्प का बसलास, हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तर नव्हते.

काकूंनी सदनिका विकली नाही. याच्या हातून एक खरेदी गेली आणि एक विक्रीचे ब्रोकरेजही गेले. भाड्याचे काम मात्र त्यांनी याच्याकडेच ठेवले. ऑगस्टमध्ये एका नव्या कुटुंबाला अकरा महिन्यांसाठी १६,५०० भाडे आणि ६० हजार डिपॉझिटवर ती सदनिका दिली गेली. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करण्याची वेळ आली तर दोन महिन्यांची सूचना आणि डिपॉझिटची पूर्ण परतफेड, असे कलम करारात घातले आणि सही करण्यापूर्वी ते त्या कुटुंबाला समजावून सांगितले. भाडेकरूला ही गोष्ट मागाहून कळणे हा त्याच्यावर तितकाच अन्याय झाला असता.

त्यानंतरचे नऊ महिने त्याने तयारीत घालवले, आणि माझ्या मते हाच त्याच्या गुंतवणुकीचा सर्वांत उपयोगी काळ होता. स्वयंरोजगार असलेल्या माणसाकडून बँका साधारणपणे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात. त्याने कमिशनची प्रत्येक रक्कम खात्यातूनच घ्यायची सवय लावली, दुसऱ्या वर्षाचे विवरणपत्र वेळेत भरले आणि येणाऱ्या प्रत्येक ब्रोकरेजमधला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकला. त्याची पत्नी एका खासगी रुग्णालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. तिच्या ठरलेल्या पगारामुळे बँकेचा प्रश्न बराच सोपा झाला.

शोध त्याने नवी मुंबईत, ऐरोली आणि घणसोलीत घेतला, कारण तिथल्या आयटी पार्कमध्ये आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणाऱ्यांना लहान घरे लागतात. घणसोली गावठाणात निम्म्या किमतीत खोल्या होत्या आणि भाडे जवळपास तेवढेच येत होते, परंतु तिथल्या अनेक इमारतींना परवानगी नाही. बँक अशा इमारतींना कर्ज देत नाही आणि पाडकामाची टांगती तलवार कायम राहते, म्हणून त्या त्याने पाहूनच सोडल्या. अखेर ऐरोलीत सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या शासकीय महामंडळाच्या, भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची एक वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) ३४ लाखांना ठरली. सिडकोची जमीन साधारण ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, त्यामुळे हस्तांतरासाठी सिडकोची परवानगी व शुल्क आणि कर्जासाठी गहाणाचा ना-हरकत दाखला यांचा वेळ आणि पैसा आधीच धरावा लागतो. ठाण्याच्या सवयीने चालणारे एजंट इथे हमखास चुकतात. सगळा खर्च धरून रक्कम ३८ लाखांवर गेली. कर्ज २४ लाख, हप्ता सुमारे २०,८३०, स्वतःचे १४ लाख.

खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावे झाली, त्यामुळे महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातील एक टक्का सवलत मिळाली. खरेदीदारांत पुरुषाचे नाव असते तर ती मिळाली नसती. १४ लाखांपैकी आठ लाख त्याचे होते. पत्नीला दिलेल्या पैशातून घेतलेल्या घराचे भाडे त्या प्रमाणात पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हे त्याला ठाऊक नव्हते. विवरणपत्राआधी ते त्याच्या लक्षात आणून द्यावे लागले.

भाडे १३,५०० ठरले. अकरा महिन्यांचे १ लाख ४८ हजार ५०० आणि खर्च २४,५०० धरता हाती वर्षाला १ लाख २४ हजार येतात, म्हणजे एकूण खर्चाच्या सव्वातीन टक्क्यांच्या जरा वर, आणि दरमहा पदरचे साडेदहा हजार घालावे लागतात. कळव्याच्या सदनिकेत हाच आकडा २४,६०० होता. आठ हप्त्यांइतकी रक्कम त्याने मुदत ठेवीत बाजूला ठेवली आहे आणि तिला हात लावायचा नाही असे पती-पत्नींत ठरले आहे.

भाडेकरू त्याच्याकडे दुसऱ्या एका जाहिरातीवरून आलेला होता आणि रिवाजाप्रमाणे एक महिन्याचे भाडे ब्रोकरेज म्हणून द्यायला तयार होता. घर माझ्याच कुटुंबाचे आहे, असे त्याने पहिल्या भेटीतच सांगितले आणि ब्रोकरेज घेतले नाही. करार नोंदवला, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागण्याची कलम २४ मधील सोय लेखी, नोंदलेला करार हाती असला की भक्कमपणे वापरता येते. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीतले एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेचे पाव टक्का, त्याच्या बाबतीत पाचशे रुपयांच्याही आत. एवढा खर्च वाचवायला तोंडी व्यवहार करणारे मालक मला अजूनही दर महिन्याला भेटतात.

कळव्याच्या सोसायटीत व्यवहार्यता अहवाल मंजूर होऊन गाडी पुढे सरकली आहे, विकासक अजून ठरलेला नाही. काकूंच्या वतीने सभांच्या सूचना तो दर वेळी मोबाइलवर फोटो काढून पुण्याला पाठवतो, आणि त्या आता जावई उघडतो.